बारा पेरांचं शिंग

आमच्या वस्तुसंग्रहालयात दोन गोष्टींना तोड नाही: माझी नजर आणि माझी मिशी! मिशीचं कौतुक आल्यागेल्या सगळ्यांना. नजरेचं मात्र साहेबांना नव्हतं. म्हणून तर कीटक विभाग बंद करून मला तिकीट खिडकीत बसवायचा घाट त्यांनी घातला होता.

नेमका तेव्हाच मला जुन्या लाकडांच्या ढिगात एक मेलेला लांबशिंग्या भुंगेरा मिळाला. एक शिंग आधीच गमावलेला, दिसायला चारचौघांसारखा. पण साध्या लांबशिंग्याच्या शिंगाला पेरं अकरा, आणि याच्या शिंगाला बारा! दुर्मीळ जात! मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, की भुंगेऱ्यांच्या तज्ज्ञ मॅडमना बोलवा, त्यांनी बारा मोजली नाहीत तर मी आपण होऊन खिडकीत जाऊन बसतो. बायकोने तर माहेरी फोन करून "ह्यांना काहीतरी मोठं सापडलंय" असं जाहीरही करून टाकलं.

मॅडम आल्या. साहेबांबरोबर जिना चढत होत्या तेवढ्यात शेवटचं एकदा बघावं म्हणून मी भुंगेऱ्यावर वाकलो. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मी असा शिंकलो, की शेजारच्या पक्षी विभागातले काका हातातलं पेंढा भरलेलं घुबड टाकून धावत आले. भुंगेऱ्याचं उरलंसुरलं शिंग गायब!

आम्ही दोघं टेबलाखाली रांगायला लागलो. पावलं दाराशी येऊन ठेपली तेव्हा काकांना काहीतरी काळं, बारीक, वाकडं सापडलं.

"हेच ना?"

"हेच, हेच. चिकटवा."

काकांनी घुबडाची चोच चिकटवायचा डिंक लावून ते चिकटवलं. टेबलावर साध्या लांबशिंग्यांची पेटीसुद्धा उघडीच होती, हे मला दार उघडल्यावर आठवलं.

मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तोंडातल्या तोंडात मोजत राहिल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या.

तिकीट खिडकीची किल्ली साहेबांच्या बोटावर फिरायला लागली. मॅडमना डिंकही दिसला असावा, कारण त्या मान वर करून माझ्या तोंडाकडे रोखून पाहायला लागल्या. संपलं, मी मनात म्हटलं. सवयीने माझा हात मिशीकडे गेला.

"हात खाली. अजिबात हलू नका."

त्यांचा चिमटा माझ्या नाकाखाली आला आणि त्या माझ्या मिशीत मोजायला लागल्या. एक, दोन, तीन... आणि मला पुन्हा शिंक यायला लागली! डोळ्यांत पाणी आलं, नाक हुळहुळलं. आयुष्यात एवढी कळ मी कशासाठीच काढली नसेल.

"...अकरा, बारा."

त्यांनी ते शिंग अलगद उपसलं, मी दाराबाहेर पळालो आणि पोटभर शिंकलो. परत आलो तेव्हा काकांचं शिंग काढून टाकलेलं होतं, आणि मिशीतल्या शिंगाचं तुटकं टोक भुंगेऱ्याच्या डोक्यावर चपखल बसलं होतं.

"दुर्मीळ आहे, शंकाच नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त सापडल्याची जागा काय लिहू?"

विभाग वाचला. साहेबांनी एकच अट घातली, ती मी त्याच संध्याकाळी सलूनमध्ये बसून पाळली. सकाळी मोठ्या रुबाबात कामावर गेलो, तर इतकी वर्षं मला रोज हात करणाऱ्या तिकीट खिडकीतल्या भाऊंनी दारातच अडवलं.

"साहेब, तिकीट?"

मी मुकाट्याने तिकीट काढलं.