संडासाच्या खड्ड्यातला खंड्या

होणारे व्याही येणार म्हणून बागोन्झाने नवा संडास खणायला घेतला, इथपर्यंत सगळं ठीक होतं. घर किबालेच्या जंगलाला लागून. स्वतःची कुदळ, स्वतःचे हात. खड्डा दोन पुरुष खोल गेल्यावर कंबर धरली आणि तो आठवडाभर पडून राहिला. परत उतरला तेव्हा खड्ड्याच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक भोक होतं. त्यातून अंगठ्याएवढा पक्षी सुटला आणि त्याच्या कानाला घासून वर गेला. (अंगठा बागोन्झाचा. तो मोठा होता.)

"खंड्या आहे," त्याने बायकोला, अब्वोलीला, सांगितलं. "लाल चोच. वाट चुकलाय. मासे तळ्यात, हा संडासात. उपाशी मरायच्या आधी जाईल."

तो गेला नाही. जोडीदार घेऊन आला. पुढे भिंतीतून चिरचिर ऐकू यायला लागली.

"पिल्लं आहेत," अब्वोली म्हणाली. "खणाल तर भिंत ढासळेल."

"मग व्याह्यांनी जायचं कुठं?"

"शेजारी."

शेजाऱ्याशी त्याचं बोलणं नव्हतं. तरी त्याने कुदळ ठेवली. (कंबरेसाठी. पाखरासाठी नव्हे. हे त्याने सगळ्यांना सांगितलं.)

खरी काळजी मुलीची होती. कोमुहेंदोचं मागचं स्थळ बागोन्झाच्या जिभेनं घालवलं होतं. मुलीबद्दल देऊ केलेल्या गाईंच्या शिंगांवरून त्याने पाहुण्यांना असं काही ऐकवलं की ते केळ्याच्या बीअरचा भोपळा न उघडताच उठले. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. "बाबा, या वेळी थोडं कमी बोला," एवढंच ती म्हणाली.

व्याही यायच्या दिवशी सकाळपासून भिंतीत आवाज नव्हता. बागोन्झाने पांढरा झगा घातला, इकडेतिकडे बघितलं आणि शिडीवरून खाली उतरून भिंतीला कान लावला. आत बारीक खुसखुस होती. त्याला बरं वाटलं. वळून बघतो तर शिडी नाही.

हाक मारावी, तर बायकोला कळणार. 'पाखरासाठी नव्हे' म्हणणारा माणूस पाखरासाठी खड्ड्यात उतरला, हे तिला कळण्यापेक्षा खड्डा बरा. 

तेवढ्यात काठावर मुलाचे वडील आले. निकडीने आले होते. खाली बघून थबकले. पण टूरो जमातीचा माणूस तो. लाडाचं नाव विचारून ख्यालीखुशाली झाल्याशिवाय दुसरं बोलणं नाही.

"तुमचं लाडाचं नाव?"

"आतेन्यी. तुमचं?"

"आमोती. घरचे बरे?"

"बरे. तुमच्या गाई?"

"बऱ्या. तब्येत?"

"उत्तम," बागोन्झा खड्ड्यातून म्हणाला.

मग पाखरू आलं. चोचीत नाकतोडा. आमोती हळूच काठावर बसले.

"तांबडं डोकं, कपाळ काळं. रानातला बुटका खंड्या हा. माळावरच्याचं डोकं निळं असतं."

"मासे खातो?"

"किडे, कोळी, नाकतोडे. मासा जन्मात बघितला नसेल यानं."

"हळू बोला. आत जातोय."

"मुलगी दिली ना आम्हाला?" आमोती कुजबुजले.

"दिली. हळू."

"गाईंचं कसं?"

"तुम्ही म्हणाल तसं. हलू नका, दुसरं येतंय."

दुसरं आलं. फुलपाखरू घेऊन आत गेलं, रिकामं बाहेर पडलं. दोन म्हातारे श्वास रोखून बघत राहिले.

"शिडी मागवता का?" शेवटी बागोन्झाने विचारलं.

"मागवतो. पण मी आलो होतो ते..."

"शेजारी."

आमोती लगबगीनं गेले. शिडी अब्वोलीने आणली. तो वर आल्यावर तिनं झग्यावरची माती झटकली, भोकाकडे बघून हसली.

"शिडी कोणी नेली?" त्याने दरडावून विचारलं.

"मीच. तुम्ही खाली आहात बघून. वर असता तर लग्न ठरलं असतं?"

"पिल्लं उडाली की पुरा करतो खड्डा," बागोन्झा म्हणाला.

"घाई नको," अब्वोली म्हणाली. "लग्नाच्या दिवशी तुम्हाला ठेवायला लागेल."