अर्धीच उघडणारी खिडकी

"खिडकी अशी आणलीय, की या घरात पुन्हा कुणाचा आवाज चढायचा नाही!" थोरल्यांनी मिशीवरून हात फिरवत जाहीर केलं. आवाज चढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत!

त्यांच्या शिवणाच्या खोलीला आधी दोन पल्ल्यांची खिडकी होती. एका पल्ल्यापाशी बायकोचं, म्हणजे थोरलीचं मशीन. दुसऱ्यापाशी भावजयीचं, म्हणजे धाकटीचं. जिला वारा हवा तिनं आपला पल्ला ढकलावा, विषय संपला! पण पल्ले उघडायचे गल्लीत, आणि टेंगूळ यायचं जाणाऱ्या-येणाऱ्याला. म्हणून ही सरकती खिडकी. खाली दोन रूळ, काचेच्या दोन झडपा, झडपांना छोटी चाकं. एक झडप दुसरीच्या मागे सुळकन जाते.

धाकटीनं आपली झडप सरकवली. ती थेट थोरलीपुढे जाऊन उभी! धाकटीला सगळा वारा, थोरलीला दोन-दोन काचा.

"मी काय इथे उकडून मरू?" थोरलीनं दोन्ही झडपा धाकटीकडे ढकलल्या.

"मग मी मरू?" खाडकन परत!

शेवटी दोघींनी मशीनं बंद केली आणि हाताची घडी घालून बसल्या. उद्या सकाळी प्रयोगशाळेचे पांढरे कोट पोचले नाहीत, तर इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. थोरली नवऱ्याकडे वळली.

"अहो, अख्खी खिडकी आणलीत आणि उघडते अर्धीच? डोळे मिटून आणलीत का?"

"सरकती खिडकी अर्धीच उघडते! साऱ्या जगात अर्धीच उघडते!"

"मग जगात बसवायची! इथे कशाला आणलीत?"

"भाऊजी," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्याशी बोलायचं असेल तर आधी काच हलवा."

थोरल्यांनी दोन्ही झडपा मधोमध आणल्या. दोन्ही कडांना सारखी फट! थोरलीनं टेप काढून मोजलं. "तिच्याकडे बोटभर जास्त आहे!"

"बोटभर? जाऊबाई, कमाल आहे हं तुमची!"

झालं! थोरल्यांचं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेली ती खिडकी! काढूनच टाकतो!"

झडप वर उचलली की वरच्या खाचेत शिरते, चाकं रुळावरून सुटतात, मग खालची कड आत ओढायची. पहिली झडप त्यांनी रागारागात बंद दाराला टेकवली. दुसरीही काढली, छातीशी धरली आणि वळले.

"खाली ठेवू नका!" थोरली किंचाळली. जमिनीवर सगळीकडे पांढरे कोट पसरलेले. "चाकांना ग्रीस आहे!"

"मग त्या पहिलीला टेकवतो."

"काचेवर काच? फोडायचीय का, भाऊजी?"

तेवढ्यात भणाणत वारा आला, अख्ख्या खिडकीतून! दोघींनी डोळे मिटून श्वास घेतला आणि दोन्ही मशीनं एकदम सुरू झाली.

"जाऊबाई, तुमच्याकडे येतोय ना वारा?"

"भरपूर! तुझ्याकडे?"

थोरल्यांच्या दंडांना रग लागली. कपाळावरचा घाम नाकावर आला, पण पुसायला हात कुठे मोकळा होता!

"मी परत बसवतो ही."

"खबरदार!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"अगं, पण धरू तरी कुठवर?"

"आता फक्त बाह्या राहिल्यात," थोरली प्रेमानं म्हणाली.

"किती कोटांच्या?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खुदकन हसल्या.

"सगळ्याच!"