स्टेबल सोडलं

पुंडलिकनगरात राहणाऱ्या रामेश्वरचा घरचा कंप्युटर बिनतक्रार चालायचा, आणि हेच त्याला खटकत होतं.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. (ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात तो हे सांगायचा.) लिनक्सची सॉफ्टवेअरं ज्या कोठारांतून येतात, त्यांत 'स्टेबल' म्हणजे पारखलेला, जरा जुना माल. 'टेस्टिंग' म्हणजे ताजा, पण पारख अजून चालू असलेला. रामेश्वर सरकारी कचेरीतला कारकून. तो कायम स्टेबलवर. त्या शनिवारी सकाळी मात्र त्याला वाटलं, माणसानं आयुष्यात एकदा तरी टेस्टिंगवर जावं.

"दुपारी माझी मुलाखत आहे त्याच्यावर," बायको सत्यशीला म्हणाली. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिला ऑनलाइन बोलावलं होतं. "आज हात लावू नका."

"उलट चेहरा झकास दिसंल तुझा," म्हणत त्यानं हात लावला.

सगळं नवं उतरून कंप्युटर पुन्हा सुरू झाला, तो काळाठिक्कर. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती. रामेश्वरनं बाहेरच्या खोलीतून मित्राला, अभयला, फोन लावला.

"स्टेबल सोडलं रे. टेस्टिंगला गेलो. आता पुढं नुसता अंधार आहे. काय? माघारी जाता येत नाय? मग सत्यशीलाला काय सांगू?"

बाजेवर त्याचे वडील मुंजाबा बसले होते. गावाकडून कालच आलेले.

"स्टेबल म्हंजी काय रं?"

"पक्कं, दादा. टिकाऊ."

"अन् टेस्टिंग?"

"टिकंल का नाय, ते बघायचं."

मुंजाबा उठले. अंगणात जाऊन त्यांनी व्याह्यांना, रामहरींना, फोन केला. "पोरानं पक्की नोकरी सोडली."

मुलाखत मोबाइलवर झाली. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला, तर घसरायचा. मग रामेश्वरच तो धरून उभा राहिला. समितीनं विचारलं, "घरच्यांचा आधार आहे ना?"

सत्यशीलानं मोबाइलच्या वर पाहिलं. "आहे. जरा हलतो, पण आहे."

संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला, आणि पाठोपाठ रामहरी आले. चेहरा मयताला आल्यासारखा.

"पाव्हणं, झालं ते झालं. शहागंजात माझ्या वळखीचं कापडाचं दुकान हाय. त्यांना कंप्युटरवाला माणूस पायजे. तुमचं नाव सांगितलंय."

"मामा, नोकरी कुठं सोडली मी? कंप्युटर बिघडवला फक्त."

रामहरींनी एकदा जावयाकडं पाहिलं, एकदा काळ्या पडद्याकडं. मग तिथंच दुकानदाराला फोन लावला.

"आमच्या पाव्हण्यांची नोकरी शाबूत हाय. अन् त्यांना कंप्युटर लई येतो म्हणलो होतो ना मी, तेबी माघारी घेतो."