शेवंताकाकूंच्या बंबाची चोरी

आमच्या पोलीस ठाण्यात गुन्हे घडण्याआधीच उघडकीस येऊ लागले, त्याला आता तिसरं वर्ष. कारण साधं आहे. उघडकीस आणायच्या चोऱ्यांचं उद्दिष्ट जिल्ह्याहून दरवर्षी वाढून येतं आणि आमच्यासारख्या गावात चोर काही त्या मानाने वाढत नाहीत. गेल्या वर्षी उद्दिष्ट होतं बत्तीस, आणि एकतिसाव्या चोरीनंतर गावाने हात टेकले.

मग ऑक्टोबरात एका सकाळी मी मुद्देमालाची खोली उघडली, तर चोरीतून परत मिळालेल्या वस्तूंच्या फळीवर पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्याला रीतसर चिठ्ठी बांधलेली. मालक शेवंताबाई मोहिते, आरोपी रघुवीर खळदकर. चोरीची तारीख, वेळ आणि ठिकाण हे तीन रकाने तेवढे कोरे. मी मुद्देमाल सांभाळणारा हवालदार, अठरा वर्षं हेच करतो, म्हणून आधी शेवंताकाकूंच्या घरी जाऊन पाहून आलो. त्यांचा बंब परसात पेटलेला होता. डाव्या अंगाचा पोचा दोन्ही बंबांना सारखाच होता.

खळदकर म्हणजे काकूंचे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत त्यांनी पोस्टाची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. पण निकालांचं उद्दिष्ट कोर्टालाही असतं, त्यामुळे त्यांना लगेच तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी कुरकुर न करता भोगली. सुटून आले तेव्हा आमच्या इन्स्पेक्टर घोडकेसाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पुढचं समजावलं. एकतीस मार्चला संध्याकाळी सहापर्यंत चोरी व्हायला हवी. झाली नाही, तर गुन्हा न करता तुरुंगात राहिल्याबद्दल आणखी सहा महिने. सरकारी जागा ती, तिथे कुणी उगाच राहायचं नसतं.

खळदकरांना ते पटलं. अडचण एकच होती, त्यांना चोरी जमत नव्हती.

पहिल्या प्रयत्नाला पाहणीसाठी मी कुंपणाशी उभा होतो. काकू स्वभावाने सढळ. त्यांनी बंब विझवून, पाणी काढून, पुसून तयार ठेवला होता आणि मागचं दार सताड उघडं टाकलं होतं. खळदकर दारापर्यंत गेले आणि सवयीने त्यांनी हाक मारली, "काकू, आहात का घरात?"

"नाही, मी नाहीये," काकू आतून म्हणाल्या. "तुम्ही न्या बिनधास्त."

झालं. मालकीणच न्या म्हणाल्यावर ती चोरी कसली? मला तसा शेरा मारावा लागला आणि काकू उलट माझ्यावरच चिडल्या. मग घोडकेसाहेबांनी त्यांच्याकडून लेखी घेतलं, की बंब नेण्यास माझी संमती नाही. तो कागद खळदकरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि व्यवस्थित घडी घालून परत केला.

"त्यांची संमती नाही म्हणतात," ते म्हणाले. "मग मी कसा नेऊ?"

मार्च असाच चालला. एकदा काकूंनी स्वतःच बंब उचलून खळदकरांच्या अंगणात नेऊन ठेवला. त्यांनी तो चिंचेने घासून लखलखीत करून परत आणून दिला. मला या माणसाचा राग यायला लागला होता, आणि रागाहून कीव जास्त. गुडघे धड नाहीत, तुरुंगात अंथरूण जमिनीवर, आणि या वयात पुन्हा सहा महिने.

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता ते आपणहून ठाण्यावर आले. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि गुडघ्यांना लावायचं तेल. काकूंचा निरोप घेऊनच निघाले होते. घोडकेसाहेब जिल्ह्याशी फोनवर बोलत होते, म्हणून मी खळदकरांना मुद्देमालाच्या खोलीत बसवलं आणि चहा सांगायला बाहेर गेलो.

परत येतो तर पिशवी होती, खळदकर नव्हते. फळीवर धुळीत बंबाच्या बुडाएवढा गोल उरला होता. मी तसाच रस्त्यावर धावलो. ते बंब छातीशी धरून लंगडत चालले होते. मी गाठेपर्यंत त्यांनी तो काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवलाही.

"पाच महिने काकूंची वस्तू तुमच्याकडे धूळ खातेय," ते म्हणाले. त्यांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ज्याची त्याला द्यायची नाही का? आत जाण्याआधी निदान एवढं तरी माझ्या हातून झालं."

"कुणाला विचारलंत?"

"विचारलं असतं तर दिला असता तुम्ही?"

"नसता," मी म्हणालो.

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि तीन रकाने भरले. तारीख एकतीस मार्च. वेळ चार वाजून दहा मिनिटं. ठिकाण, पोलीस ठाणे. सही करायला कागद पुढे केला तेव्हा कुठे खळदकरांच्या लक्षात आलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी दोन्ही बंब पेटवले, एक स्वतःसाठी आणि एक खळदकरांच्या गुडघ्यांसाठी. साहेबांनी सहाच्या आत आकडा कळवला, बत्तीसपैकी बत्तीस.

एक एप्रिलला नवं उद्दिष्ट आलं, छत्तीस.

आज सकाळी मुद्देमालाच्या खोलीत माझी छत्री निघाली. घरी जाऊन पाहिलं, तर छत्री खुंटीला होती. चिठ्ठीवर आरोपी म्हणून शेवंताबाई मोहिते. समन्स माझ्या खिशात आहे आणि काकूंच्या हातात ते द्यायचा मला धीर होत नाही. माझ्याकडून होण्यासारखं होतं ते मी केलं. काकूंचे नंतरचे सहा महिने तरी टळावेत म्हणून घरची छत्री दाराबाहेर कठड्याला अडकवली, दार नुसतं लोटून घेतलं आणि खिडकीआड बसलो. हाक आली तरी ओ द्यायची नाही, असं ठरवून.

दुपारी काकू रस्त्याने आल्या. छत्रीपाशी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि ती उचलली. त्यांनी दार ढकललं आणि छत्री आतल्या खुंटीला नीट अडकवली.

"हवालदार, बाहेर नका ठेवू हो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी नेईल."