कानसेनांचा खुबा

तुम्हाला हे खोटं वाटेल. वाटू द्या! ज्यांना ज्यांना म्हणून सांगितलं त्या सगळ्यांना खोटंच वाटलं, आणि त्यातले निम्मे तर सख्खे नातेवाईक होते. पण कानसेनांचा कान म्हणजे कान होता. कारखान्यात अख्खी नोकरी त्यांनी फिटर म्हणून काढली. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"आतलं बेअरिंग गेलंय. डावीकडचं. गुरुवारी बंद पडणार."

आणि मशीन गुरुवारीच बंद पडायचं. बुधवारी पडायची त्याची छाती नव्हती!

निवृत्त झाल्यावर हा कान घरी आला, सोबत हत्यारांची पेटी घेऊन. घरातलं काहीही मग धड राहिलं नाही. त्यांनी मिक्सर सुधारला. तेव्हापासून तो सुरू झाला की शेजारी खिडक्या लावून घेत. दार सुधारलं, ते आता लाथ घातल्याशिवाय उघडत नसे. खुर्ची सुधारली, चालायची काठी सुधारली, आणि भिंतीवरचं घड्याळ तर इतकं सुधारलं की ते आजची वेळ काल दाखवायचं. स्वयंपाकाच्या ओट्याला एक भोक पडलं होतं, त्याखाली बायको वाडगा ठेवायची. ते भोक कसं पडलं, हा विषय घरात निघत नसे.

फक्त एका गोष्टीला कानसेनांचा हात लागला नव्हता. त्यांचा उजवा खुबा. तो डॉक्टरांनी बदलला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली. धातूचा दांडा, त्यावर गोळा, आणि गोळ्याला फिरायला प्लास्टिकचं अस्तर असलेली वाटी.

"वंगण कुठून घालायचं?" कानसेनांनी तेव्हा विचारलं होतं.

"ते शरीर घालतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काही घालू नका! पण वाटी हळूहळू झिजते, तेव्हा दरवर्षी दाखवायला या. झिजून सैल झाली तर दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं."

कानसेन सुरुवातीला दाखवायला गेले. मग म्हणाले, "आपला कान आपल्यापाशी असताना डॉक्टर कशाला?" आणि जायचे बंद झाले.

तर एका सकाळी काठी टेकत ते दूध घ्यायला दाराशी निघाले, आणि आवाज आला. कट्!

कानसेन थांबले. आवाजही थांबला. डावा पाय टाकला. काही नाही. उजवा टाकला. कट्!

खुब्यातला गोळा एकदम पोटात आला! वाटी गेली. दुसरा अर्थच नव्हता.

आणि वेळ कुठली? चार दिवसांनी दोघं लेकीकडे निघणार होते. लेकीला मुलगी झाली होती. नातीला बघायचं म्हणून बायकोने बॅग भरली होती, उपसली होती, पुन्हा भरली होती. शिवाय पहिल्या ऑपरेशनच्या वेळी या बाईने त्यांना आंघोळ घालण्यापासून मोजे चढवण्यापर्यंत सगळं केलं होतं, तेही एकदाही कुरकुर न करता. कुरकुर तिने नंतर केली, सावकाश, अजून चालू होती. तिला पुन्हा त्या चरकात घालायचं? छे! कानसेनांनी ठरवलं, नात बघून येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

पण खुब्याला कोण सांगणार? मग त्यांनी युक्ती काढली. उजवा पाय टाकला की खोकायचं! कट्-खोक्, कट्-खोक् करत ते घरभर फिरू लागले. आता सांधा सैल म्हटल्यावर सगळा भार काठीवर टाकायला हवाच. तर भार टाकावा तसा आवाज वाढत गेला, आणि आवाज वाढावा तसा खोकला. दुपारपर्यंत खिडकीतली कबुतरं उठून गेली.

संध्याकाळी बायको समोर येऊन उभी राहिली.

"मी लेकीला कळवलंय. आपण येत नाही."

"का?" कानसेन किंचाळले.

"का म्हणजे? असला खोकला घेऊन तान्ह्या बाळाजवळ जायचं? अक्कल गहाण टाकलीय का?"

"अगं, खोकला नाहीये मला!"

"मग दिवसभर काय भाषण करत होतात?"

आता काय करता! कानसेन खुर्चीत बसले. ती सुधारलेली असल्यामुळे डावीकडे कलले, आणि तशाच अवस्थेत त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बायकोचा चेहरा उतरला. ती भांडतही नाही म्हटल्यावर कानसेन जास्तच घाबरले.

"ऐकून खात्री करू," ते घाईघाईने म्हणाले. "मला खाली वाकायची बंदी, तेव्हा तू ऐकायचं. पण चालता चालता. स्क्रूड्रायव्हर आखूड पडेल... हां! पडद्याची दांडी काढ!"

दांडी निघाली, पडदा जमिनीवर. एक टोक कानसेनांच्या खुब्याला, दुसरं बायकोच्या कानाला, आणि वरात निघाली. पुढे कानसेन, मागे दांडी रोवून बायको.

"जोरात टेकव!"

"टेकवतेय! तुम्ही चाला!"

"अगं, टोचतंय!"

"टोचू दे! चाला म्हणते ना!"

खिडकीला पडदा नव्हता, आणि समोरच्या घरात एक वकील राहत होता. त्याने काय पाहिलं? एक म्हातारी आपल्या लंगड्या नवऱ्याला लोखंडी दांडीने ढोसत घरभर पळवतेय! तो चपला न घालता धावत आला. दाराला त्याने सवयीने लाथ घातली.

"काकू, दांडी खाली ठेवा! काका, तुम्ही घाबरू नका, मी साक्षीदार आहे!"

"अरे, मी ऐकतेय!" बायको ओरडली.

"काय ऐकताय?"

"यांचं बेअरिंग!"

वकिलाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग सगळं समजावून सांगितल्यावर त्याने स्वतः दांडी कानाला लावली. कानसेन चालले. कट्!

"स्पष्ट आहे," वकील गंभीरपणे म्हणाला. "पुरावा भक्कम आहे, काका."

"वाटी संपली," कानसेनांनी डोळे मिटून निकाल दिला. "गुरुवारी बसणार."

"गुरुवारची वाट बघायला ते काय मशीन आहे?" बायको म्हणाली आणि चपला शोधू लागली. "चला, आत्ताच्या आत्ता!"

वकिलाने गाडी काढली. दवाखान्यात एक्स-रे निघाला. मग नुसतं बसणं. बायकोने कानसेनांचा हात धरला होता. भांडण नसताना तिने असा हात धरला की त्यांना धडकीच भरायची.

"ऑपरेशन करायचंच झालं," ती पुटपुटली, "तर मोजे मी चढवीन. लेक काही पळून जात नाही."

कानसेनांचा कान तेवढा लाल झाला.

डॉक्टरांनी आत बोलावलं. काठी दाराशी ठेवून, बायकोच्या खांद्याचा आधार घेत कानसेन टेबलावर चढले. डॉक्टरांनी पाय फिरवून बघितला, एक्स-रे बघितला, जुना काढून शेजारी लावला.

"दुखतं?"

"नाही. वाजतं."

"दाखवायला न येणं ही घोडचूक आहे. पण नशीबवान आहात. दांडा घट्ट, गोळा जागेवर. वाटी झिजलीय, पण अगदी किरकोळ. ऑपरेशनबिपरेशन काही नाही. दरवर्षी यायचं, बस."

बायकोने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले! पण कानसेन अडून बसले.

"शक्य नाही! माझा कान कधी चुकत नाही!"

"बरं, चालून दाखवा."

कानसेन चालले. आवाज नाही. परत चालले. नाही!

"लबाड आहे," ते म्हणाले. "कारखान्यातही साहेब आला की मशीन गप्प बसायचं."

"चला हो आता!" बायको डोळे पुसत हसली. "लेकीला कळवायचंय, येतोय म्हणून."

कानसेनांनी दाराशी जाऊन काठी उचलली आणि पाऊल टाकलं. कट्!

डॉक्टर उठले.

"ती काठी द्या बघू इकडे."

उंची कमीजास्त करायची, नळीत नळी बसवलेली काठी. डॉक्टरांनी तिच्यावर भार दिला. कट्! भार काढला, पुन्हा दिला. कट्!

"काठी आणि उजवा पाय एकदमच टेकतात ना, म्हणून तुम्हाला खुबा वाजतोय असं वाटलं. हे बघा, बटण अडकायची बाकीची भोकं कशी गोल आहेत. हे मधलंच एक वाकडंतिकडं. ते झिजून अंड्यासारखं लांबट झालंय! कुणी पाडलंय हे?"

कानसेनांनी काठी हातात घेतली. भोकावरून बोट फिरवलं. जाणकारासारखी मान हलवली.

"दुकानदारानं," ते म्हणाले. "हल्लीच्या लोकांना ड्रिल सरळ धरता येत नाही, डॉक्टर!"

"दुकानदारानं?" बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "अहो, मग 'कंपनीला माझ्या उंचीतलं काय कळतं' म्हणत माझ्या ओट्यावर काठी आडवी घालून बसला होता तो कोण? डॉक्टर, काठीतून आरपार जाऊन ओट्यालाही भोक पडलंय! आजतागायत वाडगा लावतेय मी खाली!"