चाखणारा व्याही

डोंगरातल्या साम नुआ गावच्या थांब्यावर बसमधून पाय खाली टेकतो न टेकतो तोच खामसेनने बायकोला बजावलं, "हे बघ, बाजारात हावरटासारखं काही खायचं नाही. मुलाची आई आहेस तू. होणाऱ्या विहीणबाईंच्या गावात बरं दिसत नाही ते."

"आणि तुम्ही?" बुनमीने विचारलं.

"मी कुठे खातोय? मी नुसतं चाखणार."

बुनमी मान खाली घालून गप्प बसली. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पण लग्न झाल्यापासून ती अशीच खाली मान घालून गप्प बसत आली होती, त्यामुळे खामसेनला त्यात काही नवीन वाटलं नाही.

चाखणं ही खामसेनची कमावलेली विद्या होती. घरून निघताना तो चिकट भाताची बांबूची टोपली खांद्याला अडकवायचा. बाजारात शिरलं की भाताचा गोळा वळायचा आणि "बघू, तिखट कितपत आहे?" म्हणत तो चटणीत बुडवायचा. पुढच्या दुकानात मासळी, त्याच्या पुढे सॉसेजचा तुकडा. बाजार संपेपर्यंत साहेबांचं जेवण उरकलेलं असायचं आणि खिसा जसाच्या तसा. एवढं खाऊनही अंगाला काही लागत नव्हतं म्हणा. माणूस आपला वाळक्या शेंगेसारखा.

यंदाचा प्रवास मात्र महत्त्वाचा होता. एकुलता एक मुलगा विलाय इथल्या शाळेत मास्तर होता आणि इथल्याच एका मुलीवर त्याचा जीव जडला होता. संध्याकाळी तिच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. तोवर खानावळीत पैसे कोण घालवणार? दोघं बाजाराकडे निघाली.

धुकं इतकं दाट होतं की दुकान आधी नाकाला कळायचं, मग डोळ्यांना. त्या धुक्यातून खामसेन एकेका बाईसमोर अचानक उभा राहायचा, चाखायचा आणि पुन्हा धुक्यात नाहीसा व्हायचा. त्याच्यामागे खाली मान घातलेली बुनमी.

पहिल्या दोन-चार बायका हसल्या. मग कुजबुज सुरू झाली.

"अगं, तो वाळका माणूस तुझ्याकडे आला होता?"

"हो. अळ्या खाल्ल्यान् वाडगाभर. पण माझ्याआधी ती मिरचीवाली आहे ना, तिच्याकडेही जेवला म्हणे!"

"माझ्याकडे कच्चं रक्त प्यायला. आणि म्हणतो कसा, अजून आहे का?"

मग एक म्हातारी सगळ्यांच्या मनातलं बोलली. "पॉप आहे तो, काळीज खाणारं पिशाच्च. अंगात पॉप शिरला की माणूस असाच खात सुटतो आणि असाच वाळत जातो. आतून काळीज कुरतडतंय ना ते! वरच्या आळीतली दोन माणसं गेल्या महिन्यात काही दुखणं नसताना गेली, विसरलात? त्याच्या डोळ्यांत बघा. पॉप कधी कुणाच्या नजरेला नजर देत नाही."

नजर कोण देणार? खामसेनचं सगळं लक्ष वाडग्यांकडे.

बघता बघता बाजार चिडीचूप झाला. तो पुढे सरकला की पुढची दुकानं फडक्याखाली जायची. आया पोरांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधू लागल्या. नाही मात्र कुणीच म्हणेना. उलट हात लांब करून पुडकी पुढे केली जायची. "घ्या, काका, घ्या. घेऊन जा. पण जा."

"काय दिलदार लोक आहेत गं!" खामसेन हरखून म्हणाला. "आपल्याकडे चमचाभर दिलं तरी तोंड वाकडं करतात."

"अहो, मला काहीतरी निराळंच वाटतंय," बुनमी पुटपुटली. "कुणी बोलत का नाही?"

"लाजाळू आहेत. तू चल."

शेवटच्या दुकानात एक जाडजूड बाई कच्चं काळीज बारीक चिरून त्याचं लाप कालवत होती. पुदिन्याचा असा वास सुटला होता की खामसेनला राहवेना. त्याने गोळा बुडवला. बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, अख्खा वाडगा त्याच्या हातात कोंबला आणि पायातल्या चपला तिथेच टाकून पळाली.

संध्याकाळी मुलीच्या घराचा जिना चढून खामसेन वर आला. दारात तीच बाई उभी होती. अनवाणी.

"आई गं! हा इथवर आला!" मुलीची आई, तुईबाई, किंचाळल्या.

"आई, हे माझे बाबा," विलाय तुईबाईंना म्हणाला.

पुढचं काय सांगावं! तुईबाई अंथरलेली चटई सोडून कोपऱ्यात जाऊन बसल्या. "पॉपच्या घरात माझी पोर? ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं! आज बाप, उद्या मुलगा! मास्तर, तुम्ही आपलं सामान घ्या आणि निघा."

विलायचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने बापाकडे पाहिलं. त्या नजरेने खामसेनला पहिल्यांदाच खाल्लेलं बाधलं.

"विहीणबाई, मी कंजूष आहे हो! नुसता कंजूष!" तो काकुळतीला आला.

"पॉपही असंच म्हणेल."

शेवटी गावचा मांत्रिक, म्हातारा सिंगखाम, आला. त्याने खामसेनला घराच्या खांबाला टेकवून बसवलं, त्याचे हात पाठीमागे पांढऱ्या दोऱ्याने बांधले आणि समोर कच्च्या काळजाचं ताट ठेवलं. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. मी मंत्र म्हणतो. अंगात पॉप असेल तर तो ताटावर झडप घालेल, दोरा तुटेल. नसेल तर दोरा राहील."

दिवा बारीक केला. खामसेनच्या शेजारी बुनमी खाली मान घालून बसली होती. मंत्राची घरघर सुरू झाली. फळ्यांच्या फटींतून धुकं आत येत होतं. समोर फुकटचं ताट, पुदिन्याचा तोच वास, आणि खामसेनच्या तोंडाला पाणी सुटून ते हनुवटीवरून ओघळायला लागलं. उभ्या आयुष्यात त्याने फुकटचं ताट सोडलं नव्हतं. पण मघाची ती विलायची नजर आठवली आणि त्याने दात आवळून धरले. तेवढ्यात अगदी जवळून, मचमच, मचमच असा आवाज आला. कुणीतरी बोटं चाटली. खामसेनच्या अंगावर सर्रकन काटा आला.

डोळे उघडले. ताट लख्ख होतं.

"बघा! खाल्लं यानं!" तुईबाई ओरडल्या.

सिंगखामने दोरा तपासला. अखंड. तोंड हुंगलं. लाळेखेरीज कसलाच वास नाही. म्हातारा ताटाकडे बघून म्हणाला, "बाहेर पडला. आपला घास घेतला आणि गेला. माणूस स्वच्छ आहे."

तुईबाईंनी सुस्कारा टाकला. मनगटांवर दोरे बांधले गेले, लग्न ठरलं, विलाय रडता रडता हसला.

सकाळी बसथांब्यावर सिंगखाम निरोप द्यायला आला, तेव्हा खामसेनने त्याला कोपराने ढोसलं. "आजोबा, मानलं तुम्हाला! मंत्र म्हणता म्हणता ताट साफ केलंत की!"

म्हाताऱ्याने हळूच तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. "मी पेजेवर जगतो, बाबा. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी युक्ती केलीत."

 बसचा भोंगा वाजला.

गाडी घाटात शिरली. खिडकीबाहेर नुसतं धुकं. खामसेन अंग चोरून बसला होता. शेजारून बुनमी बोलली.

"विहीणबाईंच्या हाताला चव आहे हं. मीठ जरा कमी होतं."

"कशात?" खामसेनने तिच्याकडे वळून विचारलं.

"भूक लागलीय मला. परवापासून एकदा तरी विचारलंत?"

"बुनमी... जरा माझ्याकडे बघ ना."

ती धुक्याकडेच बघत राहिली. पुढच्या थांब्यावर बस उभी राहते न राहते तोच खामसेन उडी मारून उतरला, आणि भाजलेल्या कोंबड्या, भात, चटण्या, जे काही होतं ते सगळं, न चाखता आणि न घासाघीस करता, विकत घेऊन आला.