प्रेक्षकांनी नोंद घ्यावी

लग्नात अक्षता पडल्या की माईक उत्तमरावांच्या हातात जातो, हा नेरचा जुना रिवाज आहे. उत्तमराव इथल्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी त्यांनी गाड्या पुकारण्यात घालवली. आवाज असा की फलाटावर झोपलेला माणूस उठून बसायचा आणि आपली नसलेली गाडीही पकडायचा. निवृत्त झाल्यावर एवढा आवाज वाया जाऊ नये म्हणून गावाने तो लग्नांना लावला. जेवण कुठल्या मांडवात आहे, कोणाची मोटरसायकल आडवी लागली आहे, कोणाचं लेकरू रडत फिरतंय, हे सगळं ते सांगतात. सुरुवात ठरलेली असते. "नोंद घ्यावी."

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, उत्तमरावांनी माईक घेतला. "वधूवरांस आशीर्वाद देण्यास आलेल्या सर्व प्रवाशांनी, माफ करा, पाहुण्यांनी नोंद घ्यावी. प्रेक्षकांची पसंती या पुरस्काराचं मतदान सुरू झालेलं आहे. आपापला मोबाइल काढून आपल्या सिनेमाला मत द्यावं." एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण पुढे आवाज चढवून म्हणाले, "मत देल्याशिवाय कोणी पंगतीत बसू नये."

नवरदेवाचे वडील अमरावतीचे, चांगल्या हुद्द्यावरचे. त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? तर उत्तमरावांनी व्यासपीठावरूनच माझ्याकडे बोट केलं आणि माईकवर सांगितलं की सिनेमा कसा आहे ते आमच्या सरांना विचारा, सरांनी पाहिला आहे. सारा मांडव माझ्याकडे वळला. मी शाळामास्तर माणूस. गावात माझी कमाई म्हणजे काय ती अब्रू. ती अशी वरणभातासमोर उधळलेली पाहून मला मान वर करता येईना.

मी उत्तमरावांचा शेजारी. बदली होऊन नेरला आलो तेव्हापासून आमच्या दोन घरांत एकच कंपाउंडची भिंत आहे, आणि तीही कमरेएवढी. पलीकडे उत्तमराव आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोघंच. मूलबाळ नसावं असं आम्ही धरून चाललो होतो. तसं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गाड्यांच्या वेळा अजून पाठ, आणि ओट्यावर बसून लांबून आलेल्या हॉर्नवरून गाडी कुठली ते ओळखणं हा एकच नाद. तो सिनेमा आला आणि सगळं बिनसलं.

सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही पाहाल, पाहिला हे उत्तमरावांना कळेल, आणि मग तुमची सुटका नाही. गोष्ट साधीच होती. एक तिरसट बाप, त्याची मुलगी, मनाविरुद्धचं लग्न, अबोला, आणि शेवटी बाप तिच्या दारात जाऊन उभा राहतो. यवतमाळच्या टॉकीजला तो लागला आणि आठवडा भरायच्या आत उतरलाही. तेवढ्यात उत्तमरावांनी तो पाहिला होता, आणि माझ्या दुर्दैवाने मीही. मग एका टीव्ही चॅनेलने पुरस्कार जाहीर केले. त्यात 'प्रेक्षकांची पसंती' म्हणून एक पुरस्कार लोकांच्या मतांवर ठरणार होता, आणि जो सिनेमा जिंकेल तो पुढच्या रविवारी दुपारी त्या चॅनेलवर दाखवणार होते.

त्या रविवार दुपारने उत्तमरावांना झपाटलं. पुरस्काराशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. मी एकदा म्हणालो, की ती पुरस्काराची बाहुली कोणाला मिळते त्यानं आपल्याला काय फरक पडतो? तर म्हणाले, "बाहुली गेली खड्ड्यात, सर. जितला तं रविवारी दुपारी घरोघर लागन. जेवण करून मानसं टीव्हीपुढंच रायतात. आपसूक पायतात." घरोघर हा शब्द ते फार जोर देऊन म्हणायचे.

मग बसस्टँड. रोज सकाळी ते आपल्या जुन्या फलाटावर जात. गाडी यायला उशीर असला की बाकड्यावरच्या लोकांचे मोबाइल मागून घेत, मत टाकत आणि मोबाइल शर्टाला पुसून परत देत. एका म्हातारीने त्यांना चोर समजून आरडाओरडा केला. नवीन नियंत्रक ओळखीचा होता म्हणून प्रकरण मिटलं. पण त्याने मला फोन करून बोलावून घेतलं, आणि माझ्या शाळेतली निम्मी पोरं त्याच बसस्टँडवर उतरतात. ती माझ्याकडे आणि माझ्या शेजाऱ्याकडे आळीपाळीने पाहत उभी होती.

त्या वर्षी मारामारीचा एक मोठा सिनेमाही शर्यतीत होता. गावातला न्हावी त्याचं कौतुक करायचा, म्हणून उत्तमरावांनी त्याच्याकडे जाणं सोडलं आणि महिनाभर दाढी वाढवली. लोकांना वाटलं, घरी काही अशुभ घडलं. दोनचार जण तोंड बारीक करून भेटायलाही आले, आणि मत देऊन परत गेले.

पण हे सगळं परवडलं. आमच्या शाळेच्या शिपायाचे वडील वारले तेव्हा जे झालं ते आठवलं की अजून माझे कान तापतात. मी भेटायला निघालो होतो, उत्तमराव म्हणाले मीही येतो. गेलो. सतरंजीवर बसलो. शिपाई डोक्याला हात लावून बसला होता. उत्तमरावांनी बराच वेळ मान हलवली, उसासा टाकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं विचारलं, "बाबाचा मोबाइल चालू हाये का रे अजून? नाही, त्यायचं मत वाया जाऊन राह्यलं."

शिपाई बिचारा आत गेला आणि मोबाइल घेऊन आला. उत्तमरावांनी तिथेच मत टाकलं. म्हणाले, "तुया बाबाच्या हातून पुण्य झालं." मला त्या सतरंजीखाली जागा असती तर मी गेलो असतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या शिपायाने घंटा दिली तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, की आपण आता या माणसाबरोबर कुठे जायचं नाही. ती म्हणाली, "ते तुम्हीच त्यांना सांगा." ते काही मला जमलं नाही.

निकालाचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. उत्तमरावांनी टीव्ही अंगणात काढला, सतरंज्या टाकल्या, काकूंनी चिवडा केला. अर्धी गल्ली जमली. सिनेमाचं प्रेम कोणाला नव्हतं, उत्तमरावांची गंमत बघायला सगळे आले होते. तेही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यात पुढे बसले. पाकीट फुटलं आणि मारामारीचा सिनेमा जिंकला. न्हाव्याने टाळी वाजवली. उत्तमराव तसेच बसून होते. पुढची चार बक्षिसं होऊन गेली तरी पडद्याकडेच पाहत होते, जणू निवेदक परत येऊन चूक दुरुस्त करणार होता.

पानठेल्यावाला बंडू हसत म्हणाला, "जाऊ द्या न, काकाजी. एवढी धावपळ तं कोणी पोरीच्या लग्नातबी नाही करत."

उत्तमरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. चोरी पकडली गेलेल्या माणसाने पाहावं तसं. मग उठले, टीव्हीची वायर काढली आणि आत गेले. लोक चिवडा संपवून उठले. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. एकदाचं संपलं, आता गावात ताठ मानेनं फिरता येईल, असं मनात आलं.

सकाळी मी भिंतीपाशी दात घासत होतो. पलीकडे काकू भांडी घेऊन बसल्या होत्या, पण घासत नव्हत्या. म्हटलं, काकाजींची तब्येत बरी आहे ना? त्यांनी आधी घराकडे वळून पाहिलं, मग पदर तोंडाला लावून हळूच सांगायला लागल्या.

त्यांना एक मुलगी आहे. वर्षा. तिने महागावच्या मुलाशी जातीबाहेर लग्न केलं. उत्तमराव लग्नाला गेले नाहीत. पहिल्या दिवाळीला मात्र मुलगी आणि जावई आपण होऊन आले. उत्तमराव समोरच्या खोलीत टीव्ही पाहत बसले होते. "सर, वैरी दारात आला तरी मानूस पाणी इचारते," काकू म्हणाल्या. "यायनं पाणी नाही इचारलं. टीव्हीचा आवाज मोठा केला. मलेबी उठू नाही देलं. दोघं उभ्या उभ्या वापस गेले."

गेले ते बसस्टँडवर. आणि त्या दिवशी उत्तमरावांची दुपारची ड्यूटी होती, मागोमाग तेही तिथे पोचले. तिची गाडी त्यांनीच पुकारली. सगळी गावं घेतली, यवतमाळ, आर्णी, महागाव. ती समोरच्या बाकड्यावरून उठली आणि गाडीत बसली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी माईकवर महागावचं नाव घेतलं नाही. आर्णी म्हणत आणि एकदम महागावच्या पुढचं उमरखेड म्हणत. महागावचे प्रवासी खिडकीशी येऊन भांडत. घरातही तिचं नाव काढायची सोय नव्हती. काकू तिच्याशी फोनवर बोलायच्या, पण उत्तमराव बाहेर गेल्यावर. तिची मुलगी आता मोठी झाली होती, आणि आजोबांनी नातीला पाहिलंही नव्हतं.

"यवतमाळवून सिनेमा पाहून आले अन दोन दिवस जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "यायले वाटे, टीव्हीवर लागला की वर्षा पाहीन. बाप तसा दारात आलेला पाहीन, तं तिले समजन आपल्या बाबाच्या मनात काय हाये. सोता जाऊन सांगाले जीभ रेटत नाही न."

माझ्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. लग्नाचा मांडव, बसस्टँड, ती सतरंजी, सगळीकडे मी माझी लाज सांभाळत बसलो होतो. हा माणूस त्याहून कितीतरी मोठी लाज घेऊन साऱ्या गावात हात पसरत फिरत होता आणि मला वाटत होतं, त्याला लाज कशी ती नाहीच. मला स्वतःचा फार राग आला.

चूळ भरून मी तडक त्यांच्याकडे गेलो. उत्तमराव कालच्याच पांढऱ्या शर्टात बसले होते. मी म्हणालो, "काकाजी, महागावला जाऊ."

"कायले?" ते म्हणाले. मग काकूंनी काय सांगितलं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. नखांकडे पाहत म्हणाले, "तिनं दार लावून घेतलं तं?"

मी म्हणालो, की मग दोघं मिळून दाराबाहेर बसू. त्यांनी चप्पल घातली. मी शाळेत रजा कळवली. काकूंनी घाईघाईने राहिलेला चिवडा पिशवीत भरून दिला, पण स्वतः आल्या नाहीत. म्हणाल्या, मी असले की ते मलाच बोलायला लावतील.

साऱ्या वाटेत उत्तमराव सिनेमाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आर्णी गेल्यावर त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तो महागाव येईपर्यंत सोडला नाही. पत्ता काकूंनी मला सांगितला होता, पण त्याची गरजच लागली नाही. उतरल्यावर ते माझ्यापुढे चालू लागले आणि दोन वळणं घेऊन बरोबर एका घरापुढे थांबले. कोणाकडून, कधी विचारून ठेवलं होतं कोण जाणे.

वर्षानेच दार उघडलं. तिचं नाक, हनुवटी सगळं बापाचं. ती बाजूला झाली आणि "या" म्हणाली. आम्ही खुर्च्यांवर बसलो. आतल्या खोलीत एक मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. उत्तमराव मात्र चारही भिंतींवरून नजर फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "टीव्ही कुठं हाये तुमचा?"

मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांनी लेकीच्या घरात पाऊल ठेवलं आणि हा माणूस टीव्ही विचारतो.

"काढून ठेवला, बाबा," वर्षा म्हणाली. "पोरीची दहावी हाये न यंदा. दिवाळीपासून केबल बंद हाये आमची."

उत्तमराव तिच्याकडे पाहतच राहिले. म्हणजे सिनेमा जिंकला असता, रविवारी दुपारी घरोघर लागला असता, तरी या एका घरात लागला नसता. काकूंना हे दिवाळीपासून ठाऊक असणार. पण ज्या घरात नावच काढायचं नाही, तिथे हे सांगणार तरी कोण? हसावं की रडावं मला कळेना.

वर्षा आत गेली आणि पाण्याचे पेले घेऊन आली. मी पाणी प्यालो. उत्तमरावांनी पेला घेतला आणि हातातच धरून ठेवला. खाली बघत, हळूच बोलले.

"तुमी आलते तवा म्या पाणी नोतं इचारलं."

वर्षाने ओठ घट्ट मिटले. ती भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मग ती जवळ येऊन म्हणाली, "प्या न बाबा आता."

"नाही," उत्तमराव म्हणाले. "जावईबापू येऊ दे. त्यायलेबी नोतं इचारलं."

जावई शेतात गेले होते, दिवस मावळल्यावर येणार होते. नेरची शेवटची थेट गाडी त्याच्या आधीच निघून जाते, हे उत्तमरावांपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? ते पेला हातात धरून बसून राहिले, आणि मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो.